किल्ल्यात बसून राहण्याचे डावपेच

४ मार्च, सोमवार. सकाळी ११.
पाय दुखतायत. तरीही आजपासून आयुष्याला वळण.
आमच्या टाइल्सच्या गोदामातले नियोजनवाले साहेब या महिनाअखेरीस रिटायर होतायत. त्यांची जागा म्हणजे दिवसपाळी, काचेची केबिन आणि फिरती खुर्ची. मी सध्या लोडिंगच्या फलाटावर दुपारपाळी करतो, उभ्याने. ही दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर सकाळपाळी करते. ती येते तेव्हा मी निघालेला असतो, मी येतो तेव्हा ती झोपलेली. टेबलावर झाकलेलं ताट असतं, त्यावरून कळतं की लग्न टिकून आहे. परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, ती जागा मिळाली तर रोज संध्याकाळी दोघं एकत्र जेवू. मला एकदम भरून आलं. पण बस सुटत होती.
लेक नोकरीसाठी परगावी असते. तिच्या कपाटात तिचा जुना हातातला व्हिडिओ गेम सापडला. आत एकच खेळ. डोंगरी किल्ला, बाहेर शत्रूचा वेढा, आत म्हातारा सेनापती आणि त्याची माणसं. एका जपानी चित्रकथेवरून, म्हणजे मांगावरून बनवलेला. ते पुस्तकही शेजारीच होतं. नियोजन म्हणजे तरी वेगळं काय असतं? हा खेळ शिकतो. खुर्ची आपलीच.

५ मार्च, मंगळवार.
आधी पुस्तक. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत कसलीशी सूचना होती. सूचना मी गोदामात दिवसभर बघतो. पान उलटलं.
गोष्ट जबरदस्त. सुरुवातीला सेनापती रिकाम्या किल्ल्यात एकटा बसलेला. मग दारातून घोडा येतो. मग आचारी. मग तिरंदाज, मग भालेवाले. शेवटी किल्ला गच्च भरलेला, सगळे हसत एकत्र जेवतायत. आणि एवढ्यासाठी सेनापतीने काय केलं? काही नाही! बसून राहिला. माणसं आपणहून आली.
संवाद मात्र अवघड. आधी एक जण उत्तर देतो, मग दुसरा प्रश्न विचारतो. शिपाई आधी विव्हळतो, मग त्याला बाण लागतो. यालाच जपानी दूरदृष्टी म्हणत असावेत.

६ मार्च, बुधवार.
खेळ सुरू केला. प्रत्येक माणसासाठी तीन बटणं: चाल, हल्ला, थांब. 'थांब' दाबलं की त्याच्या डोक्यावर छोटी ढाल येते. मी सगळ्यांना 'थांब' दिलं. सकाळभरात एकही माणूस मेला नाही. लेकीचा जुना स्कोअर पाहिला, पहिल्याच चढाईत पाच गेलेले. पोरीने शहाणपण आईकडून घेतलंय.

७ मार्च, गुरुवार.
फलाटावर माझ्याबरोबर घाईगडबड असतो. खरं नाव वेगळं आहे, हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय. आज तो तडक केबिनमध्ये गेला आणि साहेबांना म्हणाला, मला तुमची जागा हवी आहे. असं तोंडावर! सगळे पत्ते उघडे टाकले. बिचाऱ्याची कीव आली. टाचेला बाम लावला.

९ मार्च, शनिवार.
डाव संपताना दोन भालेवाले सेनापतीसमोर वाकले आणि दाराबाहेर गेले. परत आले नाहीत. टेहळणीला गेले असणार. मी हुकूम दिला नव्हता, पण चांगल्या माणसांना सांगावं लागत नाही.
संकल्प: सोमवारपासून रोज अर्धा तास चालणे.

११ मार्च, सोमवार.
चाललो नाही. पायांना विश्रांती देणं हाही व्यायामच.
मोठी घटना. साहेबांनी बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, इतकी वर्षं फलाट सांभाळलात, माझ्या जागी यायचंय का? जिभेवर हो आलं होतं. पण मी 'थांब' दाबलं. म्हणालो, विचार करून सांगतो. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा. घाईगडबडने मागितली, मला देऊ केली, आणि मी थांबवून ठेवली. डोक्यावर ढाल आल्यासारखं वाटलं.

१२ मार्च, मंगळवार.
ही जिन्यात भेटली. सगळं सांगितलं. तिने विचारलं, हो म्हणालात ना? म्हणालो, विचार करून सांगतो म्हणालो. तिने पिशवी पायरीवर ठेवली आणि तिथेच बसली. म्हणाली, तिने लग्नाचं विचारलं तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. मी म्हणालो, पण झालं ना शेवटी? ती म्हणाली, झालं, कारण तारीख तिने ठरवली आणि मला कळवली.
हे मला वेगळंच आठवतं. ती फार दमलेली दिसत होती. बोलायला हवं होतं, पण बस.

१४ मार्च, गुरुवार.
तिरंदाजही गेले. धान्याचा आकडा लाल होऊन लुकलुकतोय. गेम बिघडला असावा म्हणून लेकीला फोन केला. ती ऑफिसात घाईत होती. म्हणाली, बाबा, शिधा संपत आलाय, दार उघडून बाहेर पडा की! ह्या पिढीला धीर म्हणून नाही.

१५ मार्च, शुक्रवार. दुपारी १.
इस्त्रीचा शर्ट. आज साहेब फलाटावर येऊन पुन्हा विचारणार. मी क्षणभर लांब बघणार, मग हो म्हणणार. आपण होऊन मात्र जायचं नाही. दबाव त्यांच्यावर राहिला पाहिजे.

१६ मार्च, शनिवार.
साहेब आले नाहीत. काल मीच केबिनसमोरून दोन चकरा मारल्या. दिवा चालू होता, ते एकटेच बसले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली. मी टाइल्सच्या खोक्यांकडे बघितलं.
बहुतेक सोमवारी विचारतील.

१८ मार्च, सोमवार.
जागा घाईगडबडला.
त्याने सगळ्यांना चहा पाजला. मलाही मिठी मारली, आणि माणूस वाईट नाही हे मान्य करावं लागलं. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, त्यांना माझंच नाव वर कळवायचं होतं. शुक्रवारी माझ्यासाठी उशिरापर्यंत थांबले. मी दारावरून गेलो तेव्हा वाटलं आत येतोय. आलो नाही, तेव्हा समजले की मला नको आहे.
मी म्हणालो, तसंच काहीसं होतं. मग फलाटावर जाऊन उभा राहिलो. फार वाईट वाटलं.

१९ मार्च, मंगळवार.
हिला सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बरं म्हणाली आणि जिना चढून गेली.
खेळात आज आचारी गेला. जाताना सेनापतीपुढे झाकलेलं ताट ठेवून गेला. मग घोडाही गेला. आता सेनापती रिकाम्या किल्ल्यात एकटा. पाहतो तर काय, हे पुस्तकाचंच पहिलं पान! म्हणजे आत्ता कुठे सुरुवात झाली, आता माणसं येणार. लेकीला उत्साहाने फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, बाबा, पुस्तक कुठल्या बाजूने उघडलंत?

२० मार्च, बुधवार.
सूचना वाचली. 'थांबा! हे शेवटचं पान आहे. जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात.'
उजवीकडून वाचलं. भरलेला किल्ला, सगळे हसत जेवतायत. मग एकेक जण येऊन विचारतो, निघायचं का? सेनापती म्हणतो, अजून नाही. मग तो वाकतो आणि जातो. प्रश्न आधी, उत्तर नंतर, सगळं नीट लागतं. दूरदृष्टी वगैरे काही नाही. झाकलेल्या ताटाच्या पानावर मला पुढे वाचवेना.
संकल्प: आज ही आली की तिच्याशी बोलायचं. काय ते ठरलेलं नाही. बोलायचं हे नक्की.

२१ मार्च, गुरुवार.
बोललो नाही. जिन्यात शेजारी होते.

२५ मार्च, सोमवार. सकाळी ९.
ही घरात आहे. सुट्टी असेल असं वाटलं. विचारलं तर म्हणाली, तिनेही दुपारपाळी मागून घेतली. संध्याकाळ जमत नाही तर सकाळ तरी एकत्र. गेल्या मंगळवारीच खिडकीवर सांगून टाकलं. मला का विचारलं नाहीस, असं मी विचारलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, मीही हेच सुचवणार होतो. ती हसली. फार दिवसांनी.
मग तिने विचारलं, चहा घेणार का? मी ताबडतोब हो म्हणालो. तोवर तिने ओतलाही होता.