बसक्या आवाजाची बाई

प्रिय खरखऱ्या,

तुझं पत्र मिळालं. येत्या आठवड्यात तू तुझा रेडिओ सेट काखोटीला मारून इकडे येतोयस आणि त्या स्टेशनचा छडा लावल्याशिवाय हलणार नाहीस, हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पत्राची घडी घालेपर्यंतच तो टिकला. पुढं का टिकला नाही, ते तुला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण सध्या माझं मलाच काही उमजत नाही. जन्मभर छपाईच्या मशीनपाशी उभा राहिलेला माणूस मी. कागद कुठं अडकला ते नुसत्या आवाजावरून सांगायचो. आता माझ्याच डोक्यात काहीतरी अडकलंय आणि जागा सापडत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो. समोर असतास तर दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणाला असतास. पत्रात तुला ती सोय नाही.

ऑपरेशनचं तुला माहीत आहेच. डावा कान मशीनच्या खडखडाटानं केव्हाच अधू करून ठेवला होता, आता उजव्याच्या पडद्याला भोक पडलं. ते कानाच्या डॉक्टरांनी बुजवलं आणि वर कापसाचा बोळा बसवून दिला. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, अंघोळ मानेखालीच. सगळ्याला मी मान डोलावली. मग त्यांनी मोठमोठे हातवारे करून सांगितलं, की दीड-दोन महिने हेडफोनला हात लावायचा नाही. त्यावर माझा चेहरा असा काही उतरला, की त्यांना वाटलं मला दुखतंय, आणि त्यांनी गोळ्या वाढवल्या.

तुला वेगळं काय सांगू! दिवस कलायला लागतो, शॉर्टवेव्हचे बँड उघडतात, कुठकुठली माणसं बोलायला लागतात, आणि आपण शेल्फवरच्या बरणीसारखे गप्प बसून राहायचं. हेडफोनशिवाय ऐकावं म्हटलं तर सेटचा स्पीकर तू 'दोन दिवसांत दुरुस्त करून आणतो' म्हणून नेलास. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत. मी नुसताच सेटसमोर बसायचो. काच पुसायचो. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचो आणि एकतीस मीटरवर या वेळी कोण लागत असेल, एकोणपन्नासवर कोण असेल, याचे मनातल्या मनात हिशेब करायचो. मग चिडायचो. चहात साखर कमी म्हणून चिडायचो, दुसऱ्या दिवशी जास्त म्हणून चिडायचो. जेवताना पानावरून निम्म्यात उठायचो. तुझ्या वहिनीनं हे सगळं कसं सोसलं ते तिचं तिला माहीत.

तिचा स्वभाव तू ओळखतोस. शिवणकाम करणारी बाई, बोलणंसुद्धा मापून. गिऱ्हाईक पडद्याच्या कापडावरून तासभर बडबडतं आणि ही शेवटी 'चार बोटं आखूड करते' एवढंच म्हणते. शॉर्टवेव्हशी तिचा संबंध म्हणजे सेटवरची धूळ झटकण्यापुरता. तर अशा या बाईनं एका संध्याकाळी बोटातलं अंगुस्तान काढून ठेवलं, तिचं शिवणाचं स्टूल ओढून माझ्या डाव्या बाजूला मांडलं, अंबाड्यावरून हेडफोन चढवले आणि माझ्या अधू कानाशी तोंड आणून ओरडली, की मी ऐकते आणि तुम्हांला सांगते.

पहिले काही दिवस म्हणजे नुसता वैताग होता. 'माणूस बोलतोय.' भाषा कुठली? 'मला काय माहीत.' आवाज कसा आहे? 'माणसासारखा.' आता गाणं लागलंय. कसलं? 'लांबलचक.' अरे, एका संध्याकाळी मी वैतागून म्हणालो, की राहू दे, यापेक्षा मी भिंतीकडे बघत बसतो. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पण दुसऱ्या दिवशी वेळ झाल्यावर पुन्हा स्टूल ओढून बसली, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत ती बाई लागली.

त्या संध्याकाळी हिनं एकदम हात वर केला, डोळे मिटले आणि म्हणाली, की एक बाई बोलतेय, आवाज बसका आहे. भाषा कळत नाही, पण रात्रभर झोप झालेली दिसत नाही. मध्ये मध्ये थांबून पाणी पिते. पेला ठेवल्याचा आवाज येतो. मी चकित झालो. इतक्या वर्षांत मी स्टेशनं ऐकली, त्यांची नावं ऐकली, सुरुवातीच्या धुना ओळखल्या, पण पेला ठेवल्याचा आवाज मी कधी टिपला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दिवेलागणीची वाट बघत होतो. बाई होती. घसा तसाच. तिच्या खोलीला खिडकी असावी आणि बाहेर वारा असावा, असं ही म्हणाली. मग तिच्याबरोबर काम करणारा एक माणूस आला. तो हळू बोलतो आणि बहुतेक तिला पाणी तोच आणून देतो. एकदा बाई भर कार्यक्रमात हसली आणि मग तिला हसू आवरेना, हे सांगताना ही स्वतःच इतकी हसली, की तिच्या हातातून कात्री पडली. खरखऱ्या, तुझी वहिनी खळखळून हसताना मी अलीकडे कधी पाहिली होती ते मला आठवत नाही.

मग आमचं जेवण मागं पडायला लागलं. बाईच्या घरी कोण आजारी असेल यावर आम्ही वाद घालायला लागलो. मी म्हणायचो सासू, ही म्हणायची बहीण. मधल्या एका संध्याकाळी ही स्टूल आणखी जवळ ओढून म्हणाली, की ती आज लहानपणचं काहीतरी सांगतेय. तिला पोहायला शिकायचं होतं. घरापाशीच पाणी होतं, बरोबरीची मुलं उड्या टाकायची, पण वडिलांनी पाण्यात पाय घालू दिला नाही. मी विचारलं, की भाषा कळत नाही तर एवढं कसं कळलं तुला? ही म्हणाली, आवाजावरून कळतं. आणि मला ते पटलं! चाळीस वर्षं हा छंद केलेल्या माणसाला ते पटलं. मी त्याच उत्साहात तुला पत्र पाठवलं, बँड कळवला, काट्याची जागा कळवली, आणि तू बिचारा रोज संध्याकाळी तिथं शोधत बसलास. तिथं तुला काहीच मिळालं नाही, उलट माझ्या अकलेबद्दल शंका आली. तुझी शंका रास्त होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

कारण मधल्या काळात बोळा निघालाय. हे मी तुला कळवलं नाही, कुणालाच नाही. ही गिऱ्हाइकाच्या घरी मापं घ्यायला गेली होती, म्हणून मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, खूश झाले आणि म्हणाले, की आता बारीक आवाजात काय वाटेल ते ऐका. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हाच कळलं. बाहेर आलो तर सगळं जग अंगावर आलं. बसचे ब्रेक, कुणाच्या तरी चपला, पिशवीतल्या कागदाची चुरचूर. मी ठरवलं, की हिला घरी गेल्या गेल्या सांगायचं नाही. वाटेत कापूस घेतला, कानात नुसता वरवर ठेवला. संध्याकाळी ती बाई लागली की हेडफोन हिच्या कानांवरून अलगद काढून घ्यायचे, बाईचा आवाज स्वतः ऐकायचा आणि मग हिला सांगायचं, असा माझा बेत होता. पोरकटपणा म्हण हवं तर.

संध्याकाळी ही बसली. बाई लागली. आज जरा खोकतेय, ही म्हणाली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई पडदे न्यायला आल्या, म्हणून ही हेडफोन टेबलावर ठेवून दाराशी गेली. मी कापूस काढला आणि ते कानाला लावले. आत खरखर होती. नुसती खरखर. वाटलं काटा हलला असेल, म्हणून जरा इकडे केला, जरा तिकडे केला, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. बाई नाही, माणूस नाही, शिट्टीसुद्धा नाही. भर संध्याकाळी संपूर्ण बँड मेलेला. हिची पावलं ऐकू आली तसा मी काटा जागेवर आणला आणि कापूस कानात कोंबला. ही येऊन बसली, हेडफोन चढवले, क्षणभर डोळे मिटले आणि माझ्या कानाशी ओरडली, की खोकला थांबलाय, त्या माणसानं पाणी दिलं वाटतं.

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यातून जे बाहेर आलं ते असं, की मग, पुढं काय म्हणतेय?

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर गेलो. आपल्या सेटची एरियलची तार तुटून पाण्याच्या टाकीमागं लोंबत होती. टाकी साफ करणारे आले होते, त्यांच्या शिडीत अडकून तुटली असणार. ते आले तो दिवस मी मनात ताडून पाहिला. बसक्या आवाजाची बाई लागली त्याच्या आदल्या दिवशी आले होते. म्हणजे बघ, खरी स्टेशनं लागत होती तोवर ही 'माणूस बोलतोय'च्या पुढं जात नव्हती, आणि सगळं बंद पडल्यावर हिचा रेडिओ असा काही लागला, की मी जेवायचं विसरलो.

तेव्हापासून मी चक्रावलोय. हिनं मला फसवलं म्हणू, तर राग येत नाही. दया म्हणून केलं म्हणू, तर एवढी हसली कशी? रोज सकाळी मी चोरासारखा नवा कापूस कानात घालतो. ही रोज संध्याकाळी माझ्या कानाशी ओरडते. आता तो आवाज मला चांगलाच झोंबतो, तरी मी हूं की चूं करत नाही. फसवतंय कोण आणि फसतंय कोण, याचा मेळच लागत नाही. दुपारी ही मशीनवर असली की मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत असतो. परवा सुईत दोरा ओवता ओवता ही स्वतःशीच पुटपुटली, 'नाही, बहीण कालच दवाखान्यातून घरी आली.' संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी! आणि ते पोहण्याचं? हिच्या माहेराजवळ पाणी होतं एवढं मला माहीत आहे. लग्नानंतर दोन-चारदा तिथं गेलोही असेन. हिला कधी पोहायचं होतं का, ते मात्र मला माहीत नाही. आता विचारू तरी कसं? विचारलं तर ते रेडिओवरच्या बाईला विचारावं लागेल, आणि तिला विचारायचा रस्ता हिच्यावरूनच जातो.

हे असं बरं चाललं होतं, आणि तेवढ्यात तुझं पत्र आलं. आल्या आल्या ते हिनंच फोडून वाचलं, कारण सध्या मी आजारी. वाचता वाचता हिचा चेहरा पार उतरला. त्याच संध्याकाळी ही म्हणाली, की आज आवाज फार लांबून येतोय. काल म्हणाली, की बाईची बदली होणार असं वाटतं, सगळ्यांचा निरोप घेत असल्यासारखी बोलतेय. आज सकाळी तर हिनं स्टूल उचलून पुन्हा मशीनपाशी नेऊन ठेवलं. मला एकदम भरून आलं. त्या बाईनं जाऊ नये असं मला फार फार वाटतंय, आणि ती बाई मुळात नाहीच हे ठाऊक असूनही वाटतंय, यापुढं माझी अक्कल चालत नाही.

म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस. रागावू नकोस, पुढं कधीही ये, हवं तर महिनाभर राहा, येताना माझा स्पीकरही आण, पण आत्ता नको. तू आलास तर आधी गच्चीवर जाशील आणि चहा निवायच्या आत तार जोडून मोकळा होशील, मी तुला ओळखतो. त्याऐवजी एक कर. तुझ्या वहिनीला पत्र टाक. मला नाही, तिला, तिच्या नावानं. लिही, की ते स्टेशन अखेर तुझ्याही सेटवर लागलं, म्हणून येण्याची गरज उरली नाही. लिही, की बाईचा आवाज बसका आहे खरा, पण छान येतो, आणि तिची कुठं बदलीबिदली झाल्याचं तुला तरी ऐकू आलेलं नाही. पोहण्याचं काही लिहू नकोस, ते तिनं फक्त मला सांगितलंय. तुझं पत्र वाचून ही बुचकळ्यात पडेल, ते मला कळतंय. जी बाई नाहीच ती याला कशी ऐकू आली, असा विचार करत सुई हातात धरून बसून राहील. माझ्याकडे बघेल, माझ्या कापसाकडे बघेल. बघू दे. या घरात मी एकट्यानंच किती दिवस गोंधळात राहायचं?

तुझाच,
सध्यापुरता बहिरा