वरच्या खोलीतली भट्टी

लातूर, ता. ८ ऑगस्ट २००३

या वहीकडे कित्येक महिने फिरकलो नाही, माफी असावी. आज लिहितो आहे ते मृत्युपत्र. मी मुज्तबा दस्तगीर शेख, वय सेहेचाळीस, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. डोके ठिकाणावर आहे, कुणी भरीस घातलेले नाही. परवा हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबादला निघायचे आहे. आमच्या कायद्याने वारसांबाहेर मला तिसऱ्या हिश्श्यापुरतेच देता येते. बाकी अम्मी खातूनबी आणि धाकटा भाऊ फरहान यांचे. त्यात मी हात घालत नाही.

१. पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला. शिलाई मशीन अम्मीचेच आहे, माझ्या मालमत्तेत धरू नये.

२. वरची खोली. भूकंपानंतर घरात कुणी माडीवर झोपायला तयार नव्हते, म्हणून ती मला मिळाली आणि मी तिथे भट्टी लावली. छोट्या चकतीवर इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडचा केसाहून पातळ थर असतो. पुरेसा थंड केला की त्यातून वीज अजिबात रोध न होता वाहते. निर्वातात तापवून त्यातला ऑक्सिजन काढला तर हा गुण ओसरतो. ऑक्सिजनमध्ये तापवून सावकाश निवू दिला तर परत येतो. एकाच थरात तो हवा तेवढा कमी-जास्त करता येतो का, हे माझी विद्यार्थिनी, भोकरची दीपमाला, मोजते आहे. थंडाव्याला लागणारा द्रव नायट्रोजन जनावरांच्या दवाखान्यातून मिळतो; तिथे तो कृत्रिम रेतनासाठी येतो.

आता क्लाससाठी किनवट-धर्माबादपासून मुले लातुरात येतात आणि भाड्याने कॉट शोधतात. फरहान म्हणतो, "भाईजान, सहा कॉट बसतात तिथं. तुमची ती काळी चकती लई जागा खाऊन राहिली." खोटे नाही. अम्मीच्या औषधांचा भार त्याच्यावरच आहे. दीपमाला म्हणते, "सर, भट्टी हलवली तर आधीचे आकडे पुढच्यांशी जुळणार न्हाईत. पहिल्यापासून करावं लागंल."

म्हणून भट्टी, पंप व चकत्या दीपमालाला. तिचा प्रबंध पुरा होईपर्यंत खोली तिच्या वापराला, मालकी वारसांची. हे तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल तर वारसांची संमती लागेल. अम्मी अडवणार नाही. फरहानचे सांगता येत नाही, आणि मौलवीसाहेब म्हणतात, संमती माझ्या मृत्यूनंतर दिलेलीच धरली जाते. आज घेतली तरी तो बांधील नाही. शिष्येसाठी मी भावाचे नुकसान करतो आहे का? होय, थोडे करतो आहे. ते त्याला माझ्या तोंडून कळावे.

३. क्लासचे मालक भीमाशंकर सर यांनी चारचौघांत विचारले होते की माझे हे संशोधन सीईटीला किती मार्कांना येते. त्यांना माफ केले. बरा होऊन परतलो तर फेरविचार करीन.

सही: मु. द. शेख
साक्षीदार: रामकिशन गिरी, मलप्पा स्वामी (दोघेही शेजारी)

उद्याचे काम: फरहानला माडीवर बोलावून, थर थंड होताना मीटरचा आकडा शून्यावर उतरतो तो त्याला एकदा दाखवणे.