इरल्याजवळची चिठ्ठी

बाई, तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला लिहायला मी आजच बसले आहे. संग्रहालय चालू आहे, हे आधी सांगते. शाळेने दिलेल्या दोन्ही खोल्या अजून आपल्याकडे आहेत. मागच्या खोलीचं छप्पर गावातल्या लोकांनीच बदललं. मी नोकरीतून मोकळी झाले आणि आता शनिवार-रविवार खोल्या उघडून बसते. तुम्ही घालून दिल्याप्रमाणे वर्षातून चार प्रदर्शनं होतात. वैशाखात आगोट, म्हणजे पावसाळ्याआधी घराघरात करून ठेवायची बेगमी. नवरात्रात धान्य आणि शेतीची अवजारं, थंडीत होड्या आणि जाळी, होळीच्या सुमाराला मीठ आणि गवताच्या गंजी. प्रत्येक प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी गावोगावची माणसं घरातली एकेक वस्तू घेऊन येतात, ती कशासाठी वापरायची ते सांगतात. तो दिवसही तुम्हीच सुरू केलेला. आणि त्या दिवशी सगळी माणसं अजूनही तिच्याभोवतीच जमतात.

ती म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्याच वर्गातली, तारापूरच्या बाजूची, कोळ्यांची मुलगी. आपण वस्तू गोळा करायला निघायचो तेव्हा आम्ही दोघी तुमच्याबरोबर असायचो. खरं म्हणजे मी अर्ध्याच वेळा असायचे. मला तुम्ही बऱ्याचदा खोलीवर ठेवून जायचात, चिठ्ठ्या लिहायला. माझं अक्षर चांगलं होतं ना. तुम्ही बोरू आणि शाईची दौत आणून दिली होतीत, आणि मी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहीत बसायचे: जाते, पाटा, दिवली, मासे सुकवण्याची चटई. दुपार टळून जायची. मग संध्याकाळी तुम्ही दोघी परत यायचात, धुळीने माखलेल्या, कुणाच्या तरी घरची भाकरी खाऊन, वाटेतल्या कुठल्यातरी गोष्टीवर अजून हसत. एकदा मासवणहून आलात तेव्हा तुम्ही अनवाणी होतात. मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "हिच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून माझ्या दिल्या." तुमच्या त्या तपकिरी चपला तिच्या पायात होत्या, तिला जरा मोठ्याच. तुमच्या टाचेला काटा लागला होता आणि तुम्ही ओसरीवर बसून तो काढत होतात. मी हळद आणली, पाणी आणलं. पण माझं सगळं लक्ष तिच्या पायांकडे. घरी जाताना मी स्वतःच्या चपलेचा अंगठा ओढून पाहिला. नवी होती, तुटली नाही.

आणि तुमचं स्वयंपाकघर. रविवारी तिथे बसून आपण आठवड्याच्या चिठ्ठ्या पाहायचो. तुम्ही चहा ठेवलेला असायचा, आलं किसायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी मी बारा चिठ्ठ्या लिहून आणल्या होत्या, एकीवरही शाईचा डाग नाही. तुम्ही सगळ्या वाचल्यात. मग म्हणालात, "अक्षर सुंदर आहे. पण हे वाचून मला कुणा माणसाचा चेहरा दिसत नाही." मी चिठ्ठ्या परत एकावर एक रचल्या. तिने वहीतून फाडलेला एक कागद पुढे केला. त्यात ओळीला दोन चुका होत्या. तुम्ही मोठ्याने वाचायला लागलात: "ही पाटी माझ्या आजीची हाय. हिच्यातून ती बोंबील इकायला नेई. पाटी डोक्यावर असली की आजी कुनाशी भांडत नसे, मान हलवता येत नसे म्हनून." तुम्ही हसायला लागलात ते थांबेचनात, पदराने डोळे पुसलेत. चहा उतू गेला. तो मीच उतरवला. तो कागद तुम्ही माझ्याकडे देऊन म्हणालात, "हे असंच्या असं उतरव पुठ्ठ्यावर. एक अक्षर बदलू नकोस." मी उतरवलं, बाई. तिचे 'न' आणि 'इ' सुद्धा तसेच ठेवले. त्या पाटीसमोर लोक आजही थांबतात, वाचतात आणि हसतात. अक्षर माझं आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढे मी कॉलेजात गेले, बोईसरला एका कंपनीत कारकून झाले. ती दहावीनंतर घरच्या धंद्यात पडली. बोईसरच्या बाजारात मासळी विकते, अजूनही. मला वाटलं होतं की आता तरी संग्रहालयात मी तुमच्या जवळची होईन. नोंदवही मी ठेवत होते, पत्रव्यवहार मी करत होते. पण तुम्ही आजारी पडलात तेव्हा ती रोज दुपारी बाजार उरकून तुमच्याकडे जात होती, आणि मला ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. तुम्ही गेलात त्या दिवशी डोंगराकडच्या बायका आल्या, किनाऱ्यावरच्या आल्या. सगळ्या तिच्या गळ्यात पडून रडल्या. मी दारात उभी राहून चपला नीट लावत होते. कुणीतरी मला विचारलं, "तुमी शाळेतल्या का?"

आता यंदाचं सांगते. त्यासाठीच हे लिहायला घेतलं. आगोटीच्या प्रदर्शनाची बैठक झाली तेव्हा गावातली तरुण मुलं म्हणाली की उद्घाटन तिच्याच हातून करू या, लोकांना तिचं बोलणं आवडतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वेळ ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी ग्रुपवर लिहिलं, सकाळी नऊ वाजता. ती सकाळी बाजारात असते आणि एक वाजेपर्यंत तिला हलता येत नाही, हे मला माहीत होतं. तिचा फोन आला. "अगं, नऊला मी कशी येऊ? धंद्याचा टाइम हाय." मी म्हणाले, "पाहुण्यांना नंतर वेळ नाही गं. सगळ्यांच्या सोयीने ठरलंय." ती म्हणाली, "बरं. मग तूच कर उद्घाटन. मी दुपारी येते." बाई, पाहुणे कुणी नव्हतेच. मी कुणाला बोलावलंच नव्हतं.

त्या सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून बसले होते. माणसं आली, नेहमीपेक्षा कमी, पण आली. सालवडला राहणारी, कंपनीत काम करणारी एक मुलगी सासूला घेऊन आली. सासू मासवणकडच्या पाड्यावरची, सत्तरीच्या पुढची, आणि तिच्या पाठीवर इरलं होतं. आता कुठे दिसतं इरलं? सगळीकडे प्लास्टिक. हे खरं, बांबूच्या कामट्यांचं आणि आत पळसाची पानं लावलेलं. डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, म्हणजे वाकून लावणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात. मला इतका आनंद झाला की मी ते लगेच तिच्याकडून घेतलं, नोंद केली आणि भिंतीवर टांगण्यासाठी कामट्यांमधून तार ओवली. तार ओवताना तीन-चार पानं फाटली. मग, कुणी इरलं आणलंच तर म्हणून मी आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी खाली लावली: "इरले. पावसापासून संरक्षणासाठी वापरले जाणारे पारंपरिक साधन."

म्हातारी बाई जवळ आली. फाटलेल्या पानांवरून तिने बोट फिरवलं. सुनेला विचारलं, "काय लिवलंय?" सुनेने वाचून दाखवलं. "येवढाच?" म्हातारी म्हणाली. मी सांगायला लागले की चिठ्ठीत जागा कमी असते, थोडक्यात लिहावं लागतं. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. "आमी आसा तारेन टांगत नाय," एवढंच म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तार सोडवायला लागली. सून ओशाळली. "राहू द्या ना, आई," म्हणत होती. म्हातारीने इरलं पाठीवर घेतलं आणि उन्हातून रस्त्याकडे चालू लागली. खोलीतले लोक माझ्याकडे बघत होते. मी उद्घाटनाचं भाषण केलं. पाठ केलेलं होतं, म्हणून झालं. अकराच्या आत खोल्या रिकाम्या.

ती दोन वाजता आली, अंगाला मासळीचा वास, हातात सुक्या बोंबलांची जुडी, प्रदर्शनात ठेवायला. रिकामा खिळा आणि त्याखालची चिठ्ठी तिला दिसली. मी झालं ते सांगितलं, तारेसकट. का कोण जाणे, तिच्याशी मला खोटं फार वेळ बोलता येत नाही. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. "उद्या सोमवार हाय," ती म्हणाली, "सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं. जाऊ मासवनला. तू पन चल." आणि मग झाडू घेऊन खोली झाडायला लागली. झाडता झाडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाव्हणे आलते का?" मी म्हणाले, "नाही, त्यांना जमलं नाही." "बरं," ती म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पालघरहून मनोरच्या बसने आम्ही गेलो. म्हातारीच्या घरी पोचलो तेव्हा ती अंगणात पळसाची पानं पसरून बसली होती, फाटलेल्या जागी नवी लावत होती. मी तोंड उघडणार तोच माझ्याबरोबर आलेल्या हिने माझा हात दाबला. मग ही तिच्या शेजारी मातीत बसली, बरोबर आणलेले बोंबील पुढे ठेवले, आणि पानं निवडायला लागली. तास गेला असेल. इरल्याचा विषयच नाही. बोंबील कसे भाजायचे, यंदा लाकूड कोरडं मिळालं का, सुनेला कंपनीत उभं राहून काम असतं म्हणून तिचे पाय दुखतात का. मी उंबरठ्यावर वही घेऊन बसलेली, कोरं पान उघडून. आणि मग म्हातारी आपणहून बोलायला लागली. "लावणीच्या टायमाला पोर चार महिन्यांची होती," ती म्हणाली. "घरात कोन नव्हता ठेवायला. मी तिला बांधावर निजवायची आन वर हा पालथा घालायची. मी भिजायची, पोर कोरडी. दर जेठात पोरीचा बापूस नवी पाना लावायचा. तो गेला तवापासून मी लावते." हिने विचारलं, "आन पोर?" "हाय की. तिला नातवंडा झाली," म्हातारी म्हणाली, आणि हसून हिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाई, तिथे, त्या अंगणात, एवढं ऐकल्यावरही माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की तो हात माझ्या गुडघ्यावर का नाही. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि सगळं लक्ष त्या पोरीच्या गोष्टीकडे नाही, त्या हाताकडे. मी मान खाली घालून लिहीत राहिले. म्हातारीचा शब्द न् शब्द लिहिला. निघताना तिने इरलं हिच्या पाठीवर ठेवलं. "तारेन टांगू नका," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी म्हणाले, "नाही टांगणार, आजी. चुकलं माझं." ते मात्र मनापासून म्हणाले. बसमध्ये ही खिडकीशी झोपली आणि मी इरलं मांडीवर सांभाळत आले, पानांना धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी.

पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता प्रदर्शन पुन्हा भरवलं. वेळ मीच लिहिली ग्रुपवर. एवढी गर्दी झाली की व्हरांड्यात माणसं उभी. म्हातारी सुनेबरोबर आली, लेकीलाही घेऊन आली, बांधावर निजायची ती. लेक इरल्यासमोर उभी राहून म्हणाली, "याच्याखाली मावायची मी?" आणि सगळे हसले. इरलं एका रुंद फळीवर पालथं ठेवलं होतं, जसं बांधावर ठेवत. ही शेजारी उभी राहून सांगत होती आणि लोक ऐकत होते. माझ्या नव्या चिठ्ठीवर म्हातारीचेच शब्द होते, एक अक्षर न बदलता. काहींनी ती वाचली. एका बाईने दोनदा वाचली, मी पाहिलं.

तुम्ही असतात तर ही चिठ्ठी तुम्हाला आवडली असती, असं मला वाटतं. हे तुमच्या तोंडून ऐकायला मी काय दिलं असतं. पण तुम्ही ती वाचून आधी हिच्याकडेच बघितलं असतं, हेही मला माहीत आहे. म्हणून हे पत्र मी तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही, माझ्याच कपाटात राहील. चिठ्ठीच्या खाली, वस्तू कुणी मिळवली ते लिहायची आपली पद्धत आहे. तिथे मी तिचं नाव लिहिलं आहे, बाई, फक्त तिचंच. अक्षर मात्र जरा बारीक काढलं.