वसंताच्या वाटेवरून

१० ऑक्टो. ८८, मोरिवली
वसंता आला होता. फॅक्टरीत तीस वर्षं शेजारच्या टेबलावर, रिटायरही एकाच दिवशी. गेल्या वर्षी सायकलवरून एकट्याने कोकणकिनारा केला, ते आज तिसऱ्यांदा सांगितलं. हिने त्याच्या चहात आलं किसून घातलं. "भावजींची हिंमत बाई! आमच्याकडे नुसत्या कविता."
ठरवलं. जाणार. मीही एकटाच.
वसंता खूश. चिठ्ठीवर पत्ते लिहून दिले. "नांदगावला भगतांकडे उतर. माझं नाव सांग फक्त."
सांगणार नाही.

१४ ऑक्टो.
कॅम्प चारच्या बाजारात सिंधी दुकानदाराकडे सायकल ओव्हरहॉल केली. दुकानदार म्हणतो, "साईं, इस उमर में? पिछले साल आपका दोस्त भी यहीं से गया था. क्या आदमी है!"
इथेही तोच.

१७ ऑक्टो., पेण
दोन दिवसांत पेण. मांड्या दगड. ऊन भाजून काढतंय.

१९ ऑक्टो., रेवदंडा
समुद्र! सकाळी लख्ख, दुपारी काळंभोर, चारला सरी, पाचला पुन्हा ऊन. चौथीच्या पुस्तकातला समुद्र निळा होता, हा मातकट. तरी उभं राहून पुस्तकातली ती समुद्राची कविता वाऱ्याला अख्खी म्हटली. गुरुजींनी हीच म्हटल्याबद्दल पेन्सिल दिली होती. डोळे भरले. ही इथे हवी होती.
मग वाटलं, वसंताही इथेच उभा राहिला असेल. मजा गेली.

२० ऑक्टो., नांदगाव
धुवांधार. चेन तुटली. तीन कि.मी. ढकलत. शेवटी भगतांच्या ओट्यावर उभा राहून वसंताचं नाव सांगावंच लागलं. नाव ऐकल्यावर काय ती धावपळ! कोरडं धोतर, गरम पेज, कोलंबीचं कालवण.
"काका कवा येनार? यंदा येतो बोलले व्हते. आमच्या पोरींना दर्याची कविता शिकवली त्यांनी."
दर्याची कविता. माझी. कँटीनमध्ये मीच त्याला शिकवली.
म्हणून दाखवली. ताराबाई नवऱ्याला म्हणाल्या, "हां, हीच ती. पन काकांचा गला काय व्हता, नाय?"
मी म्हणालो, "आता नाही येणार तो. गेला. श्रावणात." हार्ट, असंही म्हणालो.
बाईंनी पदर तोंडाला लावला. भगतांचं ताट तसंच राहिलं. मी मात्र जेवलो.

२१ ऑक्टो., आगरदांडा
सकाळी भगतांनीच चेन जोडून दिली. निघताना म्हणाले, "काकींना कार्ड टाकतो. पत्ता हाय." काकी म्हणजे वसंताच्या सुमतीवहिनी. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.
हवा बिघडली म्हणून खाडी ओलांडणारी तर बंद. जेट्टीवर बसून राहिलो. भगतांकडे मागे फिरलो तर दीड-दोन तासांची वाट, वाराही पाठीशी. उठलोच नाही.

२३ ऑक्टो., घरी
मुरूडहून एस.टी. सायकल टपावर. हिला सांगितलं, पाऊस फार. तिने गुडघ्यांना तेल लावलं. "भावजी दोनदा येऊन गेले. सुखरूप पोचला का म्हणून."

२७ ऑक्टो.
वसंता कार्ड नाचवत आला. "अरे, मी मेलो!"
मोठ्याने वाचलं. काका आमच्या घरचेच होते, काय गळा, काय माया. त्यांच्या नावाने अंगणात माड लावला.
"मेल्यावर एवढं कोण लिहितं रे?" गदागदा हसतोय.
जळलो. कबूल. त्या माडावरही जळलो. आपण मेलो तर कोण काय लावणार?
मग म्हणाला, "सुमती मात्र... परवा मी बाजारात होतो. कार्ड तिच्याच हातात पडलं. मी येईपर्यंत उंबऱ्यात बसून होती. चप्पलही घालता येईना तिला." हसू गेलं त्याचं. "पण त्यांना सांगितलं कुणी? तू उतरला होतास ना?"
"नाही. थेट मुरूड गाठलं."
ही माझ्याकडे बघत होती.
"मग दिवाळीनंतर दोघंच जाऊ. मला बघून भगत किंचाळतील!"

२८ ऑक्टो.
हिने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "का हो?" एवढंच.
सांगितलं सगळं. आल्याच्या चहापासून.
तिने सूप खाली ठेवलं. मग, "वेडे आहात. माझ्यासाठी गेलात होय?" पुढे म्हणाली, "सुमतीताई रात्री दचकून उठतात, त्यांना हात लावून बघतात. भावजीच सांगत होते."

२९ ऑक्टो.
भगतांना कार्ड टाकलं. वसंत ठणठणीत आहे, खोटं मी बोललो, का ते मलाच नीट माहीत नाही. पेटीत पडल्यावर बोटं घालून बघितली. पोचत नाहीत.
आता भगत वसंताला लिहिणारच. चार दिवस, फार तर पाच. त्याआधी आपल्या तोंडाने सांगायचं. आधी वहिनींना, मग त्याला. तो कदाचित हसेल. वहिनी हसणार नाहीत.
हेंद्रेपाड्याला, वसंताच्या घरी निघालोय. इथे ऊन आहे, बदलापूरकडे भरून आलंय. ही म्हणते, थांबा, पडून जाऊ दे.
नको. थांबलो की सांगायचं राहील.
पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही.