झिंग्याच्या गालातला किडा

अण्णा, तुमची ती काचेची बाटली अजून माझ्या कपाटात आहे, आणि आज तिच्यातलं स्पिरिट बदलताना मला तुमचा पुन्हा एकदा मनापासून राग आला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. मीही शिकवून शिकवून निवृत्त झाले, माझा राग तेवढा अजून रोज कामावर हजर असतो. म्हणून बसले लिहायला. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. जिवंतपणी तुमच्यापुढं तोंड उघडायची सोय कुठं होती?

तुम्ही उर्दूत शिकलेले. निजाम गेला, विलीनीकरण झालं आणि तुम्ही भूमला मराठीतून सायन्स शिकवायला लागलात. एका उन्हाळ्यात मास्तरांच्या शिबिराला रत्नागिरीला गेलात आणि येताना ही बाटली घेऊन आलात. पाणी म्हणजे आडाच्या तळाशी असतं ते, एवढंच ठाऊक असलेल्या आमच्या गावात समुद्राचा जीव! किनाऱ्याच्या वाळूत बीळ करून राहणारे झिंगे, पांढुरके, जवळजवळ आरपार दिसणारे, एक नांगी मोठी आणि एक बारकी. त्यातल्या एकाचा गाल एका बाजूनं टम्म फुगलेला, पानाचा विडा धरल्यासारखा. मी तुमच्याच वर्गात, पुढच्या बाकावर. तुम्ही चिमट्यानं त्या गालावरचं कवच अलगद उचलता. आत कल्ल्यांना बिलगून बसलेला एक चपटा, वाकडा किडा, आणि त्याच्या अंगावर तिळाएवढा दुसरा. "झिंगा श्वास घेतो ते हे कल्ले," तुम्ही सांगता. "हा इथं घर करतो आणि बसल्या जागी रक्त पितो. मोठा तो नर, घरधनी. बारकं ते त्याचं पिल्लू. आणि ज्या झिंग्याच्या कल्ल्यात हा बसला, त्याला अंडी होत न्हाईत. वंश खलास." मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता, आज आठवलं तरी लाज वाटते.

बाटली घरी आली ती स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. आत्याला तिची शिसारी यायची. ती चुलीपुढं बसताना पदर ओढून घ्यायची आणि म्हणायची, "लेकरा, तेवढं भूत तिकडं फिरवून ठेव गं." आत्या म्हणजे तुमची थोरली बहीण, तुमचं लग्न झाल्यावर भूमच्या घरी राहायला आली ती. लहानपणीच नवरा गेला म्हणून माहेरी आलेली. आईबाप गेल्यावर तिनंच तुम्हाला वाढवलं, लोकांची दळणं दळली, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली आणि तुम्हाला हैदराबादेला शिकायला धाडलं. हे मला तिनं कधी सांगितलं नाही, आईनं सांगितलं. तुम्ही तर नाहीच सांगितलं.

माझ्या पाठीवर आईची दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही लेकरं राहिली नाहीत. तुम्हाला मुलगा हवा होता. त्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला बसलात. आत्या भाकरी थापत होती, आई वाढत होती, मी पाणी आणत होते. तुम्ही फळीकडं बघितलंत, मग चुलीकडं, आणि वर्गातल्याच आवाजात म्हणालात, "आक्का, तू या घरात आल्यापासून इथं पाळणा हलला न्हाय. मी काय अडाण्यासारखं बोलत न्हाय. हा निसर्गाचा कायदा हाय. बांडगूळ बसलं की वंश थांबतो." आत्याचे हात पिठातच थांबले. ती म्हणाली, "अरे, पोरगी मी आल्यावरच झाली की." तुम्ही म्हणालात, "पोरगी." एवढंच. मी हातात तांब्या घेऊन उभी होते, अण्णा. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत.

झिंग्याबद्दल तुम्ही बोललात ते खरं होतं. पण आईच्या पोटाबद्दल जे बोललात त्याला आपल्या गावात पायगुण म्हणतात, आणि पायगुण मानणाऱ्या लोकांना तुम्ही शाळेच्या पटांगणात उभे राहून झोडपायचात. शेजारची म्हातारी असं काही बोलली असती तर तिला हसला असतात. स्वतः बोललात तेव्हा त्याला सायन्स म्हणालात. हा तुमचा खरा अपराध, आणि मी तो माफ केलेला नाही.

आत्यानं वाद घातला नाही. पुढच्याच बाजाराच्या दिवशी तुम्ही तिला एसटीत बसवून दिलंत. अणदूरला तिच्या सासरचे दीर-पुतणे होते, त्यांनी उभ्या जन्मात तिची चौकशी केली नव्हती. तिनं बोचकं मांडीवर घेतलं आणि खिडकीतून मला म्हणाली, "भांडू नगं बापासंगं. लई गुणाचा हाय त्यो." गुणाचा! गाडी गेली, आणि तुम्ही तिथूनच भाजी घ्यायला बाजारात गेलात.

पाळणा नंतरही हलला नाही. घरात दुपारची भाकरी गार मिळायला लागली, कारण आईला कामाचा उरक नव्हता आणि तब्येतही साथ देत नव्हती. एकदा तुम्ही त्यावरून ताट सरकवलंत तेव्हा आई, जी तुमच्यापुढं कधी मान वर करत नव्हती, शांतपणे म्हणाली, "आता कोन बसलंय कल्ल्यात?" तुम्ही उठून बाहेर गेलात. आत्याला मात्र आणायला गेला नाहीत. सायन्सवाला माणूस चुकीचा प्रयोग निदान बंद तरी करतो.

पुढं मी औरंगाबादेला प्राणिशास्त्र शिकायला गेले. तिथं हाच किडा सूक्ष्मदर्शकाखाली आला आणि मला वर्गात हसू आवरेना. मोठी ती मादी, अण्णा! तिच्या अंगावरचा तो तिळाएवढा ठिपका, तो नर. जन्मभर बायकोला चिकटून राहणारा. तुमचा घरधनी! दिवाळीत घरी येऊन मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "चार बुकं वाचली म्हणून बापाला अक्कल शिकवतीस? ताट उचल." मी ताट उचललं. कुणाच्या जिवावर कोण जगलं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. दळणं कुणी दळली आणि हैदराबादेत बसून जेवलं कोण?

त्याच सुट्टीत तुम्हाला न सांगता मी अणदूरला गेले. आत्या गोठ्याला लागून असलेल्या खोपट्यात राहत होती, शेणानं हात भरलेले, अर्धी झालेली. मी रडले, ती नाही रडली. तिनं तुमचं विचारलं. मग म्हणाली, "त्याला दुपारच्याला गरम भाकर लागती. पापुद्रा उचलायचा अन् आत तेल-तिखट घालून द्यायचं. मागणार न्हाय त्यो, पर त्याला त्येच लागतंय. ध्यानात ठेव." मी चिडून म्हणाले, मी कशाला ठेवू? ती नुसती हसली. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. निरोप आला तेव्हा तुम्ही शाळेत तपासणी आहे म्हणालात आणि गेला नाहीत.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडं आलात आणि शेवटपर्यंत माझ्याच घरी राहिलात. जेवण, औषध, धोतरं, सगळं माझ्याकडं. तो शब्द रोज माझ्या जिभेवर यायचा, बांडगूळ. तुम्ही अंग चोरून भिंतीशी बसायचात, आणि मला कळायचं की तुम्हालाही तो ऐकू येतोय. मी उच्चारला नाही. लोक म्हणायचे, पोरीनं बापाचं लई केलं. केलं खरं. पण ते तुमच्यासाठी नव्हतं, हे आता तुम्हाला कळलं तर बरं.

आणि एक राहिलं. पहिल्याच आठवड्यात मी भाकरीचा पापुद्रा उचलून आत तेल-तिखट भरून तुम्हाला वाढलं. तुम्ही ताटाकडं बघतच राहिलात. मग अगदी बारीक आवाजात विचारलंत, "हे तुला कुणी सांगितलं?" तुमचे डोळे भरले होते, तुम्हाला फक्त तिचं नाव ऐकायचं होतं. मी म्हणाले, "कुणी नाही." खोटं बोलले, अण्णा. तिच्यासाठी रडायचं सुखसुद्धा मला तुम्हाला द्यायचं नव्हतं.