बुगडीसाठी टोचलेला कान

प्रिय सोनिया,

समता कॉलनीतून शंकर नगरला पत्र टाकणारी अख्ख्या रायपुरात मी एकटीच असेन. फोन तू उचलत नाहीस आणि न बोलावता दारात उभं राहणं मला जमत नाही. तुझी नणंद नीलिमा म्हणाली, रविवारी तुझ्या देवश्रीला सोळावं लागतंय आणि त्याच दिवशी तिचा वरचा कान बुगडीसाठी टोचणार आहेत. टोचू देऊ नकोस. आधी कारण वाच, मग खुशाल फाड.

पावसाळ्यात माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. तुला कळवलं नाही. कळवूनही तू आली नसतीस तर ते जास्त दुखलं असतं. फॉर्मवर शेजारच्या श्यामरावांनी सही केली आणि मग कॉलनीभर तेच सांगत फिरले. जखम महिन्यात भरली. पुढे तिथे सुतळीसारखा लाल, जाड व्रण उठला. इतका खाजतो की ब्लाउज सोसवत नाही. कामवाली शारदा म्हणते, "दीदी, नजर लगे हे." सत्तरीच्या बाईला कोण नजर लावतंय!

दिवाळीनंतर कातडीच्या डॉक्टरकडे गेले. प्रशिक नाव, पोरगेलासा, पण समजावून सांगतो. जखम झाली की शरीर धोक्याचे संदेश धाडतं, सूज येते, दुरुस्तीच्या पेशी धावून येऊन धागे विणतात. जखम भरली की संदेश थांबायला हवेत. काहींच्या अंगात ते थांबतच नाहीत. सूज आत धुमसत राहते, पेशी विणत सुटतात, व्रण जखमेबाहेर पसरतो. नुसता कापला तर ती नवी जखम, आणि तो बहुतेकदा परततो, कधी दुप्पट होऊन. म्हणून आधी इंजेक्शनांनी सूज शांत करायची. हे घराण्यात चालतं म्हणे. "आंटी, घरात और किसी को?" असं त्याने विचारलं आणि मला तुझा कान आठवला.

तुझ्या लग्नात चारचौघींत मराठी दिसावीस म्हणून बुगडीसाठी तुझा कान मीच टोचायला लावला. गाठ आली तेव्हा म्हटलं, नखं लावतेस, घाणेरडी सवय. मग साखरपुड्याआधी कापायला लावली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तू एकाच बाजूने उभी आहेस. तीन वर्षांपूर्वी तू हे बोललीस, तर मी म्हणाले, एवढ्याशा गाठीचं काय घेऊन बसलीस? त्यानंतर तू आली नाहीस. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हाला माफी मागायला शिकवलं होतं, तेही इंग्रजीत. घरात तिचा उपयोग मी कधी केला नाही.

आता खरं सांगते. देवश्रीला ती बुगडी मीच पाठवली, दिवाळीत, नीलिमाच्या हाती, तुला न विचारता. पोरीने मला विसरू नये, एवढाच स्वार्थ. नीलिमा म्हणते, ती कान टोचून घेतेय ते आजीला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटावं म्हणून इतक्या वर्षांत कुणी काही केलेलं नाही, आणि तेच थांबव म्हणून मी तुझ्या हातापाया पडतेय. तुझ्या नखांचा दोष नव्हता, सोनिया, माझा होता. देवश्रीला सांग, आजीच नको म्हणाली. रुसली तर रुसू दे. तिनेही माझ्याशी बोलणं सोडलं तरी चालेल.

तुझीच,
आई