मामंजींची चाळीस घरं आणि एक भाषण

३ जानेवारी १९१२

चाळिसावं घर पुरं झालं! मामंजींचे पाय आज जमिनीला लागत नव्हते. प्लेगानंतर पेठेबाहेरच्या माळावर त्यांनी गोरगरिबांसाठी ही वसाहत उभी केली. दर घराला रस्त्याकडे दोन खिडक्या. "हवा पायजे, उजेड पायजे!" – हे त्यांचं पालुपद.

आणि आमच्या घरच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत. कंत्राटांचा पैसा आला तसा गोषा आला. दहा वर्षांमागे मामंजी गवंडी होते आणि सासूबाई त्यांच्या हाताखाली चुन्याची घमेली वाहत होत्या. आता मला सांगतात, "खानदानी बाया उंबऱ्याभाईर दिसत न्हाईत." खानदान म्हणे! नखांतला चुना तरी निघाला का?

८ जानेवारी

वसाहतीत मुलींची शाळा निघणार. पण पंतोजीपुढे पोरी बसवायला आया तयार नाहीत. शाळाखात्याच्या साहेबांनी बजावलंय – शिक्षिका नाही तर मंजुरी नाही.

मी मुरगूडला वडिलांच्या शाळेत सहा इयत्ता शिकले, तेही पहिल्या नंबरानं. जेवणं झाल्यावर धीर केला. म्हटलं, मी शिकवते. मामंजी हसले! "गणपतरावाची सून चाकरीला लागली म्हणून गाव त्वांडात शेण घालंल की!" म्हणजे लोकांच्या पोरींनी शिकावं, आणि ज्या घरातल्या बाईला येतं तिनं भाकरी थापाव्यात. माझे यजमान आमटी भुरकत राहिले. मोरीत जाऊन रडले. दुःखापेक्षा संताप जास्त होता.

९ जानेवारी

यजमान म्हणाले, "बाबांच्या मनाचा मोठेपणा बघ." बघतेय – फळीच्या फटीतून.

१४ जानेवारी

शिक्षिकेचा पत्ता नाही, तरी मामंजींनी साहेबांना बोलावून शाळेचं उद्घाटन ठरवलं. त्याचं भाषण मात्र मीच लिहायचं! मामंजींना सहीपुरतंच येतं. मी वाचायचं, त्यांनी पाठ करायचं.

"जड शब्द घाल की! म्होरं सायेब, वकील बसणार. हलकं न्हाय पायजे."

जड हवेत? घ्या. सगळ्यात शेवटी लिहिलं – 'मदीय स्नुषा या शाळेत अध्यापनकार्य अंगीकारील.' म्हणजे माझी सून इथे शिकवील. अर्थ विचारतील अशी भीती होती. पण अर्थ विचारला तर अडाणी ठरू ना! वीसेक वेळा घोकलं. "स्नुषा! झ्याक हाय शब्द." मी मान खाली घालून बसले.

२१ जानेवारी

उद्घाटन झालं. मी अर्थातच घरी. यजमानांकडून कळलं ते असं – मामंजींनी भाषण खणखणीत म्हटलं. शेवटचं वाक्य झालं आणि टाळ्यांचा कडकडाट! साहेबांनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले. मामंजी फुलून गेले. मग साहेब म्हणाले, "सुधारणेला घरापासून सुरुवात केलीत. मंजुरी दिली. सूनबाई उद्यापासून येतील ना?" तेव्हा कुठे उजेड पडला! सगळ्या गावासमोर मामंजी म्हणाले, "व्हय, येईल की."

घरी येऊन सासूबाईंवर ओरडले. "गावाम्होरं बोललोय, आता गिळू कसं?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी हुकूम निघाला – गाडीला पडदा लावायचा आणि सासूबाईंनी दिवसभर पहाऱ्याला बसायचं.

बसू दे! उद्यापासून लोक मामंजींना थोर सुधारक म्हणतील. म्हणू देत. मी शिकवणार!

२२ जानेवारी

अकरा मुली आल्या. सासूबाई तोंडावर पदर ओढून दिवसभर दाराशी बसल्या. मुली घरी गेल्यावर दार आतून लावलं आणि माझ्यापुढे पाटी धरली. "माझं नाव कसं काढत्यात, दाव की."

बनाबाई. चार अक्षरं. तीनदा गिरवली. "घरात बोलू नगं," म्हणाल्या, आणि पदरानं पाटी पुसली.